आरसी ३९० वरून थेट हजार सीसीवर जावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय सत्तावीस, राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. चार वर्षं केटीएम आरसी ३९० चालवली. आता ओळखीतल्या एकाची कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर विकायला आहे, कमी चाललेली, आणि किंमत साधारण नव्या झेडएक्स-६आरएवढी. वडिलांचा सक्त विरोध आहे. ‘दादा, घेऊ का? पुण्यात राहून ती नीट वापरता येईल का, आणि सांभाळायला खरं किती लागतं?’

मी मोठ्या गाड्यांची कामं करतो आणि ट्रॅकवर शिकवतोही, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्यासमोर रोज येतात. उत्तर आधीच देतो: ही गाडी आत्ता घेऊ नकोस. मोठी गाडी जरूर घे, पण मधली एक पायरी चढून. आणि तिच्याही आधी ब्रेक मारायला शीक. चार वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे लागेल, कळतं मला. तरी वाच.

तुझ्या आरसीत ४३ पीएसच्या (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) आसपास ताकद आहे आणि गाडी १७२ किलोची. झेडएक्स-१०आर २०७ किलोची आणि ताकद २०० पीएसच्या वर. वजन पस्तीस किलोने वाढलं, ताकद साडेचार पटीने. पण मला काळजी आकड्यांची नाही, तुझ्या उजव्या मनगटाची आहे. सिंगल सिलिंडरच्या ३९० ला पळवायचं तर मूठ पूर्ण पिळावी लागते, आणि चार वर्षांत हाताला तीच सवय लागलेली असते. हजार सीसीला पहिल्याच गिअरमध्ये शंभराच्या पुढे जाता येतं. तिथे पाव मूठसुद्धा खूप झाली. त्यात आपले रस्ते. ड्रेनेजचं झाकण रस्त्यापेक्षा दोन इंच खाली, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली फट, काल बुजवलेला आणि आज परत उखडलेला खड्डा. अशा ठिकाणी गाडी आदळली की अंग मागे जातं आणि मूठ आपोआप थोडी उघडते. आरसीवर हे लक्षातही येत नाही. झेडएक्स-१०आरवर मूठ तेवढी अर्धा इंच फिरली की गाडी पुढच्या रिक्षाच्या मागच्या सीटपाशी पोचते. मूठ सैल धरायची, पोट आणि मांड्यांनी टाकी पकडून बसायचं, हँडलवर भार टाकायचा नाही, हे अंगात मुरायला वेळ लागतो. ते शिकण्यासाठी थोडी माफ करणारी गाडी हाताखाली हवी.

मागचं चाक घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ब्रेकखाली चाक अडकू न देणारं एबीएस आहे, पावसासाठी ताकद कमी करणारा रेन मोड आहे, मग भीती कशाची, असं तू म्हणशील. या सोयी उत्तम आहेत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी त्या कधीच बंद करू देत नाही. पण पुढच्या वळणावर सांडलेली खडी कुठल्याच सेन्सरला आधी दिसत नाही, आणि थांबायला लागणारं अंतर कुठलाच मोड कमी करत नाही.

या थांबण्याच्या अंतराचा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं. समजा रस्ता कोरडा आणि चांगल्या डांबराचा आहे, टायर उत्तम आहेत, आणि ब्रेक नीट दाबणारा माणूस गाडीवर आहे. ब्रेकखाली दर सेकंदाला वेग ७ मीटर प्रति सेकंदाने उतरतो असं धरू. धोका दिसल्यापासून लिव्हरवर जोर येईपर्यंत एक सेकंद. ताशी ६० किलोमीटरला त्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते, मग ब्रेकखाली २०, एकूण ३७ मीटर. १२० ला ३३ आणि ७९, म्हणजे ११२ मीटर. १८० ला ५० आणि १७९, म्हणजे जवळजवळ २३० मीटर. वेग तिप्पट झाला, अंतर सहापटीच्या वर गेलं. आता सातारा रस्त्यावर खेड शिवापूरच्या आसपास उभा राहा आणि बघ, २३० मीटरच्या पट्ट्यात एका मिनिटात काय काय शिरतं. हॉटेलातून उलट्या बाजूने येणारी स्कूटर, दुभाजकातल्या फटीतून रस्ता ओलांडणारी माणसं, इंडिकेटर न देता डावीकडे घुसणारा टेम्पो.

रात्री तर गणित आणखी आवळतं. लो बीमवर पन्नास-साठ मीटरपर्यंतच नीट दिसतं. ८० च्या वेगाला थांबायला ५७ मीटर लागतात. म्हणजे रात्री ८० च्या वर गेलास की जिथे थांबू शकत नाहीस अशा अंधारात गाडी घालतो आहेस. ऊसतोडणीच्या हंगामात फलटण-बारामतीकडे किंवा साताऱ्याच्या पुढे मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कधी बंद पडून कडेला उभ्या. अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर सुपरबाईक नेऊच नकोस. याला माझ्याकडे अपवाद नाही.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मोटरसायकलला चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर कमाल ताशी ८० आणि शहरात ६० ची मर्यादा आहे. स्थानिक पातळीवर ती आणखी खाली येते, नवले पुलाच्या उतारावर तसं झालेलं तू पाहिलंच असशील. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवरही बंदी. म्हणजे तीनशेच्या जवळ जाणारी गाडी घेऊन तुला अधिकृतपणे ८० च्या पुढे जायला पुण्याभोवती एकही रस्ता नाही. रविवारी पहाटे कात्रजच्या नव्या बोगद्यापलीकडे ‘टॉप काढणारी’ मुलं दिसतात. त्यांच्यात जाऊ नकोस. पहाट असली तरी दूधवाले असतात, कुत्री असतात, आणि खंबाटकी उतरून आलेले, रात्रभर गाडी चालवून डोळे जड झालेले ट्रकवाले असतात.

मग पुण्यात राहून अशी गाडी ठेवायची कशाला? वळणांसाठी. या बाबतीत आपण खरोखर भाग्यवान आहोत. ताम्हिणी, वरंध, पसरणी, बोपदेव, दिवे, सगळं दोन-अडीच तासांच्या आत. चांगल्या स्पोर्ट बाईकचं चॅसी, सस्पेन्शन आणि पुढचा ब्रेक काय चीज आहे ते ५० ते ७० च्या वेगात, घाटातच कळतं. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण धर. ६० ला गाडी साधारण ३० अंश झुकते, ७२ ला ३९ अंश. बारा किलोमीटरचा वेग वाढवला आणि नऊ अंश खर्च झाले. तेवढ्यात रस्त्यावर चिखल किंवा डिझेल असेल तर हाताशी काही उरत नाही. म्हणून घाटात मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना एकच सांगतो: रस्त्याचा जेवढा तुकडा दिसतो आहे, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग.

आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओ बघून शिकलेल्यांना बहुधा माहीत नसते. ते व्हिडिओ अनेकदा उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांतले असतात. आपण डावीकडून चालतो. त्यामुळे उजव्या वळणावर तू मधल्या रेषेजवळून झुकलास, तर टायर तुझ्या लेनमध्ये आणि डोकं समोरून येणाऱ्या एसटीच्या लेनमध्ये असतं. उजव्या वळणात डावी कड धरून ठेव आणि पूर्ण दिसेपर्यंत आत येऊ नकोस. डाव्या वळणाचा धोका उलटा: वेग जास्त झाला की गाडी बाहेर फेकली जाते, म्हणजे थेट समोरच्या लेनमध्ये. घाटातले जे अपघात मी जवळून पाहिले, त्यांत हे दुसरं प्रकरण फार वेळा होतं. गाडी खरं तर अजून झुकू शकत होती. माणूस घाबरून समोरच्या कठड्याकडे बघत राहिला आणि गाडी नजरेमागे गेली. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची आणि हँडल आतल्या बाजूला हलकंसं पुढे ढकलायचं, गाडी झुकते. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे. हे तू नकळत करतच असशील. आता ते जाणूनबुजून कर.

पावसाळ्यात घाटात मोठी गाडी नेऊ नये असं माझं मत आहे. ताम्हिणीत धुकं आणि कडेला शेवाळ, शिवाय रस्त्यातच उभे राहून फोटो काढणारी गर्दी. वरंधमध्ये दरडी येतात आणि तो रस्ता पावसात बहुतेक वेळा बंदच केला जातो. जून ते सप्टेंबर आरसीवर किंवा स्कूटरवर फिर.

ब्रेकचा सराव कसा करायचा? परवानगी असलेलं, खासगी, मोकळं, डांबरी आवार शोध. आरसीवरच सुरू कर. ४० च्या वेगात सरळ रेषेत, पुढचा ब्रेक दोन टप्प्यांत: आधी हलका दाब, पुढचं सस्पेन्शन बसू दे, मग वाढवत न्यायचा. एकदम आवळला तर टायर रस्त्याला चिकटायच्या आत चाक अडकतं आणि एबीएस जागं होतं. सस्पेन्शन बसल्यावर पुढच्या टायरवर वजन येतं, तो पसरतो आणि पकड वाढते, मग त्याच लिव्हरवर दुप्पट जोर चालतो. मागचा ब्रेक हलका, फक्त गाडी स्थिर ठेवायला. हे ४० ला न विचार करता व्हायला लागलं की ६० ला कर. डोळे वर, चाकापाशी नाही. दर रविवारी अर्धा तास, दोन महिने.

त्यानंतर ट्रॅक. महाराष्ट्रातून जाणं सोपं नाही, हे खरं आहे. चेन्नईजवळचा मद्रासचा ट्रॅक इथून साधारण बाराशे किलोमीटर, कोईमतूरचा कारी मोटर स्पीडवेही तेवढ्याच टप्प्यात. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, जिथे २०२३ मध्ये मोटोजीपी या जागतिक मोटरसायकल मालिकेची शर्यत झाली. तुझ्यासाठी मद्रास योग्य. आरसी ट्रकवर चढवून पाठव किंवा तिथे शिकवणाऱ्यांकडून भाड्याने घे. पहिल्यांदा स्वतःची मोठी गाडी नेऊ नकोस. छोट्या गाडीवर वळणातला वेग शिकता येतो. मोठ्या गाडीवर माणूस सरळ पट्ट्यात ताकद वापरतो आणि वळणात घाबरून आत शिरतो, दिवसाच्या शेवटी हाती फारसं काही लागत नाही. एकदा नीट शिकून आलेला मुलगा पुढच्या रविवारी घाटात ओळखू येतो. तो आधीपेक्षा हळू आत जातो आणि त्याची गाडी डळमळत नाही.

आता गाडी कुठली. आठवड्यात एखादा दिवस ऑफिसलाही न्यायची असेल तर निंजा ६५०. ६४९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ६८ पीएस, खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी असताना सुद्धा ओढतं. चार सिलिंडरचा आवाज आणि गुळगुळीतपणा हवा असेल तर होंडा सीबीआर ६५०आर. झेडएक्स-६आर सव्वाशे पीएसच्या आसपासची, तिचा जीव वरच्या आरपीएममध्ये आहे. वर्षातून दोनदा तरी ट्रॅकवर जाणार असशील तरच तिचा विचार कर. तुझं सगळं वाचून मला सीबीआर योग्य वाटते. रोजच्या हिंजवडीच्या वाटेला मात्र यातली कुठलीच नको. वाकडपाशी एप्रिलच्या संध्याकाळी चार सिलिंडरची गाडी उभी राहिली की पंखा सुरू होतो आणि ती सगळी गरम हवा मांड्यांवर येते. क्लच आवळून मनगट भरून येतं. इंजिन ऑइलचं आयुष्य घटतं, त्याची तर कोणी मोजदादच करत नाही. ऑफिसला स्कूटर वापर.

नवीन घेणार असशील तर कराचं ध्यानात घे: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यावर रोड टॅक्स आणि विमा. म्हणून अनेक जण सेकंड हँडकडे वळतात, आणि त्यात वावगं काही नाही, गाडी तपासता आली तर.

तपासताना चमक बघू नकोस, ती दोन तासांत आणता येते. सकाळी जा, मालकाला आधीच सांग की इंजिन थंड हवं. हात लावून बघ. गरम असेल तर परत ये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळव आणि खाली फ्रेमवरचे स्टॉपर बघ. गाडी जोरात पडली असेल तर ते चेपलेले, तुटलेले किंवा वेल्डिंग केलेले सापडतात, फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) नवी असली तरी. पुढच्या डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअर कॅलिपरने मोजून घे. मीटर पाच हजार दाखवतं आणि डिस्क संपत आली आहे, असं असेल तर मीटर खोटं आहे. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ‘कमी चाललेली’ गाडी म्हणजे बऱ्याचदा सहा-सात वर्षांचे दगड झालेले टायर, आणि ते नक्षी पूर्ण असली तरी बदलावेच लागतात. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांवर तेलाची रेघ नको. चेसिस नंबर नोंदणी पुस्तकाशी (आरसी बुकाशी) ताडून बघ. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स, गाडी बाहेरून आयात केलेली असेल तर कस्टमचे मूळ कागद. यातलं एकही ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला ॲडव्हान्स देऊ नकोस, ओळखीतला असला तरी.

सांभाळायच्या खर्चात टायर सगळ्यात वर. चांगल्या स्पोर्ट टायरचा मागचा सहा-सात हजार किलोमीटरमध्ये संपतो, आणि जोडी पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून वंगण, नाहीतर चेन सेटचा खर्च लवकर येतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी उभी असली तरी, कारण ते हवेतली ओल ओढतं. टायरमधली हवा आठवड्याला, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरच्या काट्यावर भरवसा नको. पेट्रोलबाबत पुस्तिकेत किती इथेनॉल चालतं ते बघ. बऱ्याच जुन्या गाड्या दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनवल्या आहेत आणि आता पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेव, आत ओल धरायला जागा राहत नाही. स्पीडब्रेकरवर या गाड्यांचं पोट घासतं, जमिनीपासून सव्वाशे-एकशे तीस मिलिमीटर एवढीच उंची असते. आपल्या सोसायट्यांसमोरचे उंचवटे तिरपे, जवळजवळ थांबून ओलांडायचे. सायलेन्सर मूळचाच ठेव. कर्कश सायलेन्सर पोलीस जप्त करून रोडरोलरखाली घालतात, आणि पहाटे पाचला कोथरूडच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांची झोप मोडायचा आपल्याला काही अधिकार नाही.

कपड्यांसाठी दीड लाख बाजूला ठेव आणि ते गाडीच्या बजेटमध्ये धरूच नकोस. डोक्याला नेमकं बसणारं फुलफेस हेल्मेट, तळव्यावर स्लायडर (पडल्यावर घसरत जाणारा कडक तुकडा) असलेले ग्लोव्ह्ज, घोट्याला आधार देणारे बूट, पाठीच्या संरक्षणासह लेदर जॅकेट आणि पँट. डेक्कनला कॉफी प्यायला निघालास तरी सगळं अंगावर. डांबर ५० च्या वेगाला सुद्धा कातडी सोलतं, आणि शहरातले अपघात त्याच वेगाला होतात.

वडिलांचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस आणि लपवून तर मुळीच घेऊ नकोस. त्यांची भीती खरी आहे. पंधरा लाखांचं अपघात संरक्षण कायद्याने मालकाला लागतंच, त्यावर स्वतःचा टर्म इन्शुरन्स घे, त्यात दुचाकीबद्दलच्या अटी वाच आणि कागद त्यांच्यासमोर ठेव. पहिलं वर्ष मागे कोणालाही बसवणार नाही, रात्री हायवेला जाणार नाही, हे त्यांना शब्द म्हणून दे आणि पाळ. ब्रेकच्या सरावाला एखाद्या रविवारी त्यांना घेऊन जा. साठवरून गाडी कुठे थांबते ते पहिल्या आठवड्यात खडूने आखून ठेव आणि दोन महिन्यांनी परत आख. त्या दोन रेघांमधलं अंतर त्यांना स्वतः टेपने मोजू दे.